हिडकलचं पाणी आणि पाण्यातल्या पिसवा: बारके जीव पाण्याचे थर मिसळतात का?

घटप्रभाकाठ (धागाकर्ता)

उन्हाळ्यात आमच्या हुक्केरी भागात विहिरीत सूर मारला की छातीपर्यंत कोमट आणि पायाशी एकदम गार लागतं. मधली सीमा इतकी स्पष्ट असते की पाय वर घेतला की ऊब, खाली सोडला की शिरशिरी. खोल धरणांत हेच मोठ्या मापावर होतं. फेब्रुवारीपासून ऊन वरचं पाणी तापवतं, तापलेलं पाणी हलकं म्हणून वरच राहतं, गार आणि जड पाणी खाली दबून बसतं. हिडकलसारख्या सुमारे 51 टीएमसीच्या जलाशयात तळाच्या पाण्याचा आणि हवेचा मग महिनोन्‌महिने संबंध येत नाही.

पुस्तकांत थरांची उदाहरणं बहुतेक युरोपातल्या थंड तळ्यांची असतात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पाणी जितकं गरम, तितका एकेका अंशाने घनतेत पडणारा फरक मोठा. 24 आणि 28 अंशांच्या पाण्यात घनमीटरमागे साधारण 1 किलोचा फरक पडतो. 4 आणि 15 अंशांच्या पाण्यात तो त्याहून कमी भरतो. म्हणजे आपल्याकडे चारच अंशांचा फरक असला तरी थर चांगला घट्ट बसतो.

आता प्रश्न. या पाण्यात पिसवा असतात (डॅफ्निया, मॉइना वगैरे), कोपेपॉड असतात, सगळे झिंग्यांच्या कुळातले, एक-दोन मिलिमीटरचे. दिवसा मासे दिसेल त्याला खातात म्हणून हे खाली अंधारात लपतात आणि दिवेलागणीला शेवाळ खायला वर येतात. पहाटे पुन्हा खाली. समुद्रात हाच प्रकार इतका मोठा आहे की वजनाच्या हिशेबात पृथ्वीवरची रोजची सगळ्यात मोठी ये-जा तीच. दुसऱ्या महायुद्धात सोनार (आवाजाच्या पडसादावरून खोली ओळखणारं यंत्र) वापरणाऱ्यांना समुद्राचा तळ रात्री वर येतोय असं वाटायचं, तो असल्याच जिवांचा थर होता.

असे कोट्यवधी जीव दिवसातून दोनदा थर ओलांडत असतील तर पाणी मिसळत असेल का? की त्यांच्या येण्याजाण्याने काहीच होत नाही? जाणकारांनी लिहावं.

अनगोळकर_बाळू

काय सांगूलाईस रे भावा! राईएवढी पिसू, आणि ती 51 टीएमसी ढवळणार? मग पाटबंधारे खात्याने गेट कशाला बसवलेत, दोन बादल्या पिसवा सोडायच्या की.

निपाणीकर

बाळू थट्टा करतोय, पण शंका रास्त आहे. एक मिलिमीटरचा जीव सेकंदाला एक सेंटिमीटर पोहतो असं धरा. एवढ्या बारक्या मापावर पाण्याचा चिकटपणा भारी ठरतो. जिवाने हातपाय मारून पाण्याला दिलेली ऊर्जा बहुतेक सगळी तिथल्या तिथे घर्षणात जाऊन तिची उष्णता होते, भोवरे उठायच्या आधीच. आँद्रे व्हिसर यांनी 2007 साली ‘सायन्स’मध्ये हाच आक्षेप घेतला. थर असलेल्या पाण्यात खरं मिसळण घडवायला भोवरा काही किमान आकाराचा लागतो. क्रिल (समुद्रातले बारके झिंगे) किंवा कोपेपॉडांचा भोवरा त्याच्या आसपासही जात नाही. जिवांनी कितीही ऊर्जा खर्च केली तरी थर मोडायला त्यातली नगण्यच लागते.

सीमावासी

पण हा विषय काढणारे लोक वेडे नव्हते. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी 1966 साली हिशेब मांडला. ध्रुवांकडे गार पाणी सतत खाली बुडतं, तरी समुद्र वरपर्यंत गार पाण्याने भरत नाही. म्हणजे कुणीतरी वरची ऊब सतत खाली मिसळत असलं पाहिजे. त्यासाठी लागणारा मिसळण्याचा वेग नुसत्या विसरणाच्या (न ढवळता आपोआप पसरण्याच्या) शेकडो पट निघाला. हे करतं कोण? वारा आणि भरती-ओहोटी ही मोठी नावं, पण मंकनी त्याच लेखात जिवांचाही विचार केला होता.

नंतर 2006 साली एरिक कुन्झे आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या सानिच खाडीत तिन्हीसांजेला क्रिल वर येताना खळबळ मोजली. नेहमीपेक्षा हजार ते दहा हजार पट जास्त!

आणि चार्ल्स गॅल्टन डार्विन यांचं 1953 चं काम आहे. हे त्या प्रसिद्ध डार्विनचे नातू. त्यांनी दाखवलं की द्रवातून एखादी वस्तू गेली की ती आपल्यासोबत बरंच पाणी पुढे ओढत नेते, भोवरे उठोत न उठोत. एसटी जोरात गेली की मागे पालापाचोळा काही अंतर ओढला जातो, तसंच. 2009 साली काकानी कातिजा आणि जॉन डबिरी यांनी पलाऊच्या जेलीफिश तलावात पाण्यात रंग सोडून हे डोळ्यांनी बघितलं. जेलीफिश वर गेली की तिच्यामागे रंगीत पाण्याची शेपटी वर जात होती. त्यांच्या मते इथे चिकटपणा आड येत नाही, उलट मदतच करतो, कारण चिकट पाणी अंगाला जास्त लागून येतं.

निपाणीकर

सीमावासी, सानिचच्या त्याच मंडळींनी पुढे इतर ठिकाणी मोजलं तेव्हा असे झटके फार क्वचित सापडले. आणि खरी मेख वेगळीच आहे. पाणी हलणं वेगळं, मिसळणं वेगळं. जेलीफिशने गार पाणी मीटरभर वर ओढलं. ते वरच्या पाण्यापेक्षा जड आहे. जेलीफिश पुढे निघून गेली की ते पाणी सावकाश खाली येऊन आपल्या जागी बसणार. मधल्या काळात ते आजूबाजूच्या पाण्यात विरलं नसेल तर थर पूर्वीसारखाच. थर खरंच बदलला का, हे ठरवायचं तर सगळं शांत झाल्यावर पुन्हा घनता मोजली पाहिजे.

मास्तर_बेडकीहाळ

निपाणीकरांचं म्हणणं काचेच्या बरणीत दिसतं, म्हणून आमची कृती देतो. आठवीच्या पोरांनी हे करून बघितलंय.

उंच, सरळ काचेची बरणी घ्या. तळाला थोडं मीठ विरघळवलेलं आणि निळ्या शाईने रंगवलेलं पाणी. मीठ लिटरमागे अर्धा लहान चमचा, त्याहून जास्त नको, नाहीतर पिसवा मरतात. त्यावर थर्माकोलचा पातळ तुकडा तरंगत ठेवायचा आणि साधं पाणी त्याच्यावर धार न तोडता हळूहळू ओतायचं. घाई केली की सगळं एक होतं आणि पुन्हा पहिल्यापासून. जमलं तर निळ्याची आणि पांढऱ्याची कड पातळ रेघेसारखी उभी राहते. गावच्या तळ्यातून ओढणीने गाळून आणलेल्या पिसवा अलगद सोडा. खोलीत अंधार करून टॉर्च आधी खालून लावा, त्या उजेडाकडे खाली जातात. मग टॉर्च वर आणा.

पिसू कड ओलांडून वर निघाली की तिच्यामागे केसासारखा निळा धागा वर येतो. सरळ नाही येत, झटक्याझटक्याने, कारण पिसू उड्या मारतच पोहते. धागा बोट-दीड बोट चढतो, थांबतो, आणि मग त्याचं टोक वाकून तो परत खाली घरंगळतो. पोरं आधी ओरडली, ‘सर, मिसळलं!’ आणि जरा वेळाने, ‘सर, परत गेलं!’ पाच-दहा पिसवा असताना रेघ होती तशीच राहिली. दाट पिसवा सोडल्या तेव्हा मात्र रेघेची कड धूसर झाली आणि पुन्हा स्वच्छ झाली नाही. शाळेत घनता मोजायचं साधन नाही, त्यामुळे यावरून मोठा दावा करत नाही.

अनगोळकर_बाळू

मास्तर, आमच्या वेळी असले मास्तर का नव्हते ओ? आम्हाला नुसतं ‘थर म्हणजे काय’ हे लिहून काढायला लावायचे.

घटप्रभाकाठ

मास्तर, दाट पिसवांचं तुम्ही म्हणता ते 2018 च्या ‘नेचर’मधल्या कामाशी चांगलं जुळतं. इझाबेल हॉटन, जेफ्री कोसेफ, स्टीफन मोनिस्मिथ आणि डबिरी या स्टॅनफर्डच्या मंडळींनी मिठाच्या पाण्याचे थर असलेल्या उंच टाक्या घेतल्या, आत आर्टेमिया सोडले. मत्स्यपालनवाल्यांना आर्टेमिया माहीत असतात, मिठागरातला सेंटिमीटरभर झिंगा. वरून एलईडी लावले की सगळे एकदम वर निघायचे.

एकेकट्या आर्टेमियाने काही विशेष झालं नसतं. पण जीव पाण्यापेक्षा किंचित जड असतो, वर जायचं तर त्याला पाणी खाली ढकलावंच लागतं. असे असंख्य जीव दाटीने वर निघाले की त्यांच्या मागचे बारके प्रवाह एकमेकांत मिळून खाली जाणारा एकच मोठा झोत तयार होतो आणि झोताच्या कडेने मोठे भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचं माप एका जिवाचं नाही, अख्ख्या थव्याचं. निपाणीकर, तुम्ही सांगितलेला किमान आकाराचा अडथळा इथेच ओलांडला जातो. आणि हो, त्यांनी नंतर घनता मोजली. थर कायमचा बदललेला होता. मिसळण्याचा वेग मिठाच्या नुसत्या विसरणाच्या हजारपटीपर्यंत गेला.

निपाणीकर

भोवरे थव्याच्या मापाचे, हे मान्य. पण ‘हजारपट’ ऐकून हुरळू नका. मिठाचं विसरण इतकं मंद असतं की त्याच्या हजारपट म्हणजे उष्णतेच्या विसरणाच्या जेमतेम दहापट. मंकना समुद्रासाठी जेवढं हवं होतं त्याच्या साठ-सत्तरावा हिस्सा. शिवाय टाकीत दाटी भरपूर आणि वारा शून्य. इंग्लंडमध्ये व्हॉब्स्टर क्वे नावाचं खाणीत साचलेलं तळं आहे. तिथे संध्याकाळी डॅफ्निया वर येताना खळबळ मोजली, नेहमीपेक्षा वेगळं काही सापडलं नाही. तेही प्रसिद्ध झालं 2018 सालीच. धरणात एक वाऱ्याची झुळूक आणि एक गार रात्र तुमच्या सगळ्या पिसवांना भारी पडते. बेळगावचा आषाढातला वारा तर सोडूनच द्या.

गाळणी

मी जलशुद्धीकरण केंद्रात काम करते. हा धागा इतका वेळ उष्णतेभोवती फिरतोय म्हणून मध्ये पडते. आम्हाला तळाचं पाणी गार आहे की गरम याने काही बिघडत नाही. बिघडतं ते प्राणवायू संपल्याने. थर बसला की तळाशी कुजणाऱ्या काडीकचऱ्याने खालचा प्राणवायू संपतो, वरून नवा येत नाही. मग गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळायला लागतं, सडक्या अंड्याचा वास येतो. हे पाणी उचललं गेलं आणि त्याला क्लोरीन लागलं की मँगनीज काळपट होऊन नळाला येतं, पांढऱ्या कपड्यांवर डाग. म्हणून मोठ्या जलाशयांत पाणी उचलायच्या मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवतात, ज्या थराचं पाणी बरं तिथून घ्यायचं.

आणि निपाणीकर दादा, झुळूक थराच्या वरचं पाणी ढवळते. थराच्या आतली कड तिला सहजी मोडत नाही.

घटप्रभाकाठ

गाळणीताई, हाच मुद्दा हवा होता. निपाणीकरांचेच आकडे प्राणवायूला लावून बघू.

शांत पाण्यात नुसत्या विसरणाने ऊब एक मीटर जायला अडीच-तीन महिने लागतात. 10 मीटरला शंभरपट, म्हणजे वीसएक वर्षं. प्राणवायूचं विसरण मिठासारखंच मंद. त्याला एका मीटरला पंधराएक वर्षं! आता टाकीतला तो हजारपट वेग लावा. भोवरा मीठ, ऊब, प्राणवायू सगळ्यांना सारखाच नेतो. एक मीटर आठवड्याभरात. उष्णतेच्या हिशेबात ही दहापट म्हणजे किरकोळ, पण प्राणवायूच्या हिशेबात पंधरा वर्षांवरून एक आठवडा. जीव रोज तास-दीड तासच पोहतात म्हणून हा आकडा पातळ करा, पिसवा आर्टेमियाहून बारक्या आणि विरळ म्हणून आणखी पातळ करा. तरी थराच्या कडेशी, जिथे वारा पोचत नाही, थोडासुद्धा हातभार मोजण्यासारखा असू शकतो.

म्हणजे पिसवा धरणाचं तापमान बदलत नाहीत, हे मी मान्य करतो. कडेवरून काय आणि किती पाझरतं यात त्यांचा हात आहे का, एवढंच माझं म्हणणं.

निपाणीकर

हे पटण्यासारखं आहे, पण एक गोम आहे. तळाशी प्राणवायू संपला की पिसवाही तिथे जात नाहीत, गुदमरतील. म्हणजे मे महिन्यात, गाळणीताईंना गरज असते नेमकी तेव्हा, त्यांची ये-जा थराच्या वरच्या कडेपाशीच थांबते.

सीमावासी

मग पिसवांहून शंभरपट बारक्यांचं ऐका. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सवर काडान्यो नावाचं तळं आहे, त्याचा खालचा थर प्राणवायूविना आणि कधीच वर न येणारा. साधारण 12 मीटर खोलीवर जांभळट जिवाणूंचा दाट पट्टा आहे. क्रोमॅशियम ओकेनाय, एका मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यांना प्राणवायू नकोच, उजेड आणि गंधक हवं. ते उजेडाकडे वर पोहतात, वर दाटी झाली की तिथलं पाणी जड होतं आणि अख्खा लोट खाली कोसळतो, पुन्हा वर. 2017 साली दाखवलं गेलं की याने तिथे मीटरभर जाडीचा पट्टा एकसारखा मिसळलेला राहतो. एकटा जिवाणू पाणी ढवळू शकत नाही, इथे काम केलं ते त्यांच्या गोळा झालेल्या वजनाने.

आणि मोठ्यांचं बघायचं तर स्पेनच्या गॅलिसियातली पोंतेवेद्राची खाडी. 2022 साली प्रसिद्ध झालं: अंडी घालायला रात्री जमलेल्या अँकोव्ही माशांच्या थव्यांनी वादळात होते तेवढी खळबळ उठवली. मासा वीतभराचा, त्यामुळे निपाणीकरांचा आकाराचा आक्षेप तिथे लागत नाही.

अक्का_खानापूर

मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेय. तुमचे भोवरे मला कळत नाहीत, पण ‘पाण्यातल्या पिसवा’ वाचून राहवलं नाही. यातला सायक्लॉप्स (एक कोपेपॉडच) आम्हाला चांगला ठाऊक. नारू आठवतो का कुणाला? पायावर फोड, त्यातून दोराच्या जाडीचा हात-दीड हात जंत बाहेर. असा माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरायचा, फोडातून अळ्या पाण्यात, अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात आणि सायक्लॉप्स पिणाऱ्याच्या पोटात. वर्षभराने त्याच्या पायावर फोड. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की लागण जास्त. कर्नाटकातही होता, महाराष्ट्रातही. दुपदरी फडक्याने पाणी गाळा, हेच घरोघरी सांगायचं, आणि सायक्लॉप्स मारायला विहिरीत टेमेफॉस. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात, 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लस नाही, औषध नाही, फडकं आणि समजावणं एवढ्यावर.

चालू द्या तुमचं.

गाळणी

अक्का, सायक्लॉप्स क्लोरीनलाही सहजी मरत नाही. आमच्याकडे त्याला वाळूचं गाळणच थोपवतं.

तळं_चिकोडी

चर्चा भारी चाललीय. आता माझ्या पोटापाण्याचं सांगा. शेततळं आहे, तीन मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं, कटला-रोहू सोडलेत. दिवसभर ढग राहून रात्री पाऊस पडला की पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. एरेटरचं (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राचं) बिल परवडत नाही. पिसवा वाढवल्या तर चालेल काय?

निपाणीकर

अण्णा, पिसवा माशांचं खाणं म्हणून वाढवा, एरेटर म्हणून नको. तीन मीटरच्या तळ्यात थर बहुतेक रात्री गारव्याने आपोआप मोडतो. तुमची अडचण दुसरी. ढगाळ दिवशी शेवाळ प्राणवायू फारसा बनवत नाही, रात्री मात्र सगळे मिळून खातात, पिसवासुद्धा. त्यात गार पाऊस बुडून तळाचं शिळं पाणी वर आणतो. एरेटर मध्यरात्रीनंतर ते उजाडेपर्यंत चालवा, कमी तासांत जास्त उपयोग. आणि कडक उन्हाच्या दुपारी तासभर चालवला तर वरचा भरपूर प्राणवायू खाली जाईल आणि तळाशी शिळं पाणी साचणार नाही. मात्र बरेच दिवस बंद ठेवून मग एकदम जोरात सुरू करू नका, तळाचा सगळा सडका माल एकदम वर येतो.

ढवळायला जीवच हवे असतील तर मृगळ किंवा सायप्रिनस मासे सोडा. ते तळ उकरत हिंडतात. पाणी गढूळ होईल ते वेगळं.

तळं_चिकोडी

मृगळ आहेत थोडे. दुपारचं करून बघतो. पण थर बसलाय का नाही ते कळणार कसं? दरवेळी पोहत जायचं काय?

मास्तर_बेडकीहाळ

जाड काचेची बाटली घ्या, बुडाला दगड बांधा, तोंडाला बूच. बुचाला वेगळी दोरी. मुख्य दोरीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरला गाठी मारा. पाहिजे त्या गाठीपर्यंत सोडली की दोनेक मिनिटं थांबा, म्हणजे बाटलीची काच तिथल्या पाण्याएवढीच गार होते, मग बुचाची दोरी हिसका. बुडबुडे थांबले की वर ओढा. थर्मामीटर आधीपासून बाटलीतच ठेवा, वर काढून मग घातला तर उन्हाने आकडा चढतो. दुपारी तीनला आणि पहाटे, दोन्ही वेळा घ्या. पहाटे वर-खाली एकच आकडा आला तर थर रात्री मोडतोय.

अनगोळकर_बाळू

चिकोडीला कधी जायचं सांगा, दोरी धरायला मी येतो. पोहायला जमत नाही एवढंच.